पावलाचा विडा

समस्त वाचकांनी कृपया आपापल्या जागी उभं राहावं. टोप्या असतील तर काढाव्यात, मोबाइल बंद करावेत. एक अत्यंत गंभीर बाब मी आज जाहीर करणार आहे. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्स येथील एका चर्चच्या नव्या व्हिकरना, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूंना, भर दुपारी, साक्षीदारासमक्ष, नारळासकट लाच दिल्याचा ठपका आमच्या घराण्यावर आलेला आहे. आरोपी ऐंशी वर्षांची आहे. पाचवारी नेसते, वर कार्डिगन घालते. ती माझी सख्खी आत्या आहे. बसा आता.

आधी शब्द सांगतो: पावलाचा विडा. शब्दकोश उघडू नका, मी उघडले, त्यातला एक तर उसना आणून. नाही सापडत. आत्याच्या कोकणातल्या गावात तो शब्द होता आणि बहुधा तिथेच संपला. गावात नवा उपाध्याय आला, की तो ज्या घरी पहिल्यांदा येईल त्या घराने उंबऱ्याशीच त्याच्या पायांवर पाणी घालायचं आणि विड्याची पानं, सुपारी, नारळ आणि वर एखादं नाणं त्याच्या हातात ठेवायचं. काम काय आहे ते बोलायच्या आधी. कामाची दक्षिणा वेगळी. हा विडा नुसता आल्याचा.

"नुसतं आल्याचे पैसे?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणालो होतो. "आत्या, हे माझ्या ऑफिसात सुरू केलं पाहिजे."

"तुझ्या पावलाला कोण देतंय!" आत्या म्हणाली.

आत्या लंडनच्या विमानतळाजवळच्या हाउन्सलोला आली तेव्हा एकटी होती आणि पुढेही एकटीच राहिली. विमानांना जेवण पुरवणाऱ्या एका स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं ट्रे भरले. त्यामुळे तिचं इंग्रजी विमानतळावरचं आहे. लॉरीवाला असो की सर्जन, ती सर्वांना डार्लिंग म्हणते आणि सगळे निमूट ऐकतात. निवृत्त झाल्यावर आम्ही तिला मिल्टन कीन्सला आणलं, आमच्यापासून दोन राउंडअबाउट पलीकडच्या फ्लॅटमध्ये. तेव्हापासून इथलं एकही मराठी कार्य तिच्यावाचून झालेलं नाही. मुंज असो, डोहाळजेवण असो, आत्या सकाळी सहाला हजर. प्रसादाचा शिरा तिचा, पंचामृत तिचं, गुरुजींना ऐन वेळी न सापडणारी दर्भाची जुडीही तिच्याच पिशवीत. आणि नंतर फोटो बघावेत तर आत्या कुठेच नाही. असलीच तर कोपऱ्यात, पाठमोरी, हातात झारा.

गेल्या वर्षी एका मुंजीत आम्ही दोघं मागे पत्रावळी लावत होतो. पुढे गुरुजींचा संकल्प चालला होता. यजमानाचं नाव, गोत्र, सगळं खणखणीत आवाजात. आत्या पत्रावळ पुसता पुसता म्हणाली, "माझं नाव-गोत्र आजवर कुणी विचारलं नाही बघ." आणि पुढची पत्रावळ घेतली. तक्रारीचा सूर नव्हता. तक्रार असती तर मी काहीतरी विनोद केला असता.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, आणि तिथल्या तिथे ठरलं. आत्याला ऐंशी पूर्ण होतायत, तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या बाईला एकदा तरी मध्यभागी पाटावर बसवायचं. रीतसर शांत, छोटं हवन, एक्क्याऐंशी दिव्यांचं औक्षण. आत्या आधी "चल, काहीतरीच" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःसाठी मोतिया रंगाची पैठणी मागवली. तिची थोरली बहीण पुण्याहून येणार असं ठरलं. वय शहाऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. दोघी अकरा वर्षं भेटलेल्या नव्हत्या. थोरलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की विमानप्रवास हा एकच, यापुढे विचारायलाही येऊ नका. व्हिसा झाला, तिकीट झालं.

राहिला हॉल. तळमजल्यावरचा, शंभर माणसं मावतील असा, आणि जिथे मागच्या अंगणात हवन पेटवू देतील असा. तुम्हाला हे सोपं वाटत असेल तर तुम्ही या देशात कधी सत्यनारायण घातलेला नाही. एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाच्या धुपाने अलार्म वाजून दोन बंब आले होते, तेव्हापासून तिथे आम्हाला उदबत्तीच्या पुड्यासकट बंदी आहे. दुसरीकडे जिना, तिसरीकडे त्याच दिवशी कराटे. उरला आमच्या मागच्या चर्चचा हॉल, लाल सायकलवाटेने पाच मिनिटांवर. जुने व्हिकर निवृत्त झालेले, नवे यायचे होते. ऑफिसने तात्पुरता होकार दिला: नव्या व्हिकर आल्या की पक्कं करू. आम्ही आनंदाने आमंत्रणं पाठवली. चूक पहिली.

नव्या व्हिकर आल्या आणि त्यांचं पत्र आलं. हॉलच्या आतल्या कार्यक्रमाची काही अडचण नाही, पण अंगणातल्या आगीबद्दल जरा समजून घ्यायचं आहे, शनिवारी तुमच्या घरी येऊ का? हॉलची कमिटी पुढच्या गुरुवारी बसेल, निर्णय तेव्हा. थोरलीचं विमान त्याच्या पुढच्या शनिवारी.

मी पत्र वाचून दाखवलं. आत्याच्या कानाने त्यातलं एकच वाक्य उचललं.

"घरी येतायत? पहिल्यांदाच ना? मग पावलाचा विडा द्यायला हवा."

"आत्या, चर्चमधून येतायत."

"मग? पाय नाहीत त्यांना?"

"पाय आहेत. पण गुरुजी नाहीत."

"लग्नं लावतात?"

"लावतात."

"पोरांची नावं ठेवतात?"

"म्हणजे, तसंच काहीतरी."

"मयताला येतात?"

"येतात."

"मग गुरुजी आणखी काय करतात?" आत्या म्हणाली, आणि खटला तिथेच निकाली निघाला. मी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. आमच्या घरात याचा अर्थ असा, की तुझी आत्या आहे, तू बघ.

पानांसाठी वेम्बलीला जावं लागलं. स्टेडियममध्ये सामना होता, त्यामुळे ईलिंग रोडवरच्या देशी दुकानांपर्यंत पोचायला दोन तास. पानं लगेच मिळाली, पण आत्याला शेंडीचा नारळ हवा होता. सुपरमार्केटातला नारळ दाढी केलेला असतो, तो तिच्या मते कुणाच्या हातात ठेवणं म्हणजे अपमान. चौथ्या दुकानात शेंडी सापडली. परत येताना मोटरवेवर मी सहज आरशात पाहिलं तर आत्या मागच्या सीटवर पाकिटं भरत होती. आहेराची लाल-सोनेरी पाकिटं, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. भरत होती दोन.

"दोन कशाला?"

"एक आल्याचं. एक हो म्हटल्याचं. काम ठरलं की दुसरं द्यायचं."

"आत्या," मी म्हणालो, आणि माझा आवाज बराच बारीक निघाला असावा, कारण बायकोने रेडिओ बंद केला. "एक ठीक आहे. दुसरं अजिबात नाही. वचन दे."

"बघू," आत्या म्हणाली. पाकीट तिच्या तपकिरी पर्समध्ये गेलं आणि चेन बंद झाली. त्या पर्सच्या चेनला एक विशिष्ट करकर आवाज आहे. लक्षात ठेवा.

पाकिटात काय होतं ते मी तेव्हा विचारलं नाही. चूक दुसरी. आत्याने बँकेतून खास कोरी, पन्नासची नोट आणली होती. या देशात पन्नासची नोट कुणी बाळगत नाही. दुकानात दिली तर मुलगी ती उजेडाकडे धरते, मग तुम्हाला उजेडाकडे धरते.

शनिवारी बरोबर तीनला दारात सायकल थांबली. हेल्मेट, गळ्यात पांढरी कॉलर, बुटांना चिखल, आणि या सगळ्याच्या मधे पंचेचाळीस-एक वर्षांच्या हसऱ्या बाई. मागोमाग गाडीतून एक उंच, म्हातारे गृहस्थ उतरले, काखेत फाइल. ते चर्चचे वॉर्डन, म्हणजे तिथला कारभार बिनपगारी सांभाळणारे. त्यांनी आधी आमच्या स्मोक अलार्मकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"अगंबाई, बाई आहे!" आत्या मराठीत म्हणाली. मग लगेच, "बरंच झालं. पाय धुवायला संकोच नको."

मी समजावून सांगायला तोंड उघडेपर्यंत तिने ताम्हण मांडलं, तांब्यात कोमट पाणी होतंच. "शूज ऑफ, डार्लिंग," ती म्हणाली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा व्हिकरबाई आमच्या दारातल्या बुटांच्या बाकावर बसून मोजे काढत होत्या. आत्या गुडघे धरत खाली बसली, त्यांच्या पायांवर पाणी घातलं, स्वच्छ पंच्याने पुसले. बाई आपल्या पायांकडे बघत म्हणाल्या, "ईस्टरच्या आधी एक दिवस आम्हीही पाय धुतो. पण ते मी लोकांचे धुते. माझे आजवर कुणी धुतले नव्हते."

मी बायकोकडे बघून भुवया उडवल्या. जिंकलो होतो! हवन काय, या बाईंनी आम्हाला चर्चच्या मनोऱ्यावर होळी पेटवू दिली असती.

आणि त्याच क्षणी आत्याने त्यांच्या पायांशी बसूनच पानं, सुपारी, नारळ आणि पाकीट पुढे केलं.

बाईंनी दोन्ही हातांनी घेतलं. पाकिटाची कड उघडी होती. नोटेचा लाल कोपरा बाहेर आला. मी आयुष्यात नाटकात बरंच काम केलंय, पण चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहून डोळ्यांतून निघून जाणं हे मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

"हे कशासाठी?" वॉर्डननी विचारलं.

"स्वागत," मी म्हणालो. "आमच्यात पद्धत आहे."

"चर्चला देणगी?"

"नाही," आत्या म्हणाली. "हिला."

आतमध्ये चहा उकळून वर आला तो ऐकू आला.

"तुमचा हॉलचा अर्ज कमिटीपुढे आहे," वॉर्डन शांतपणे म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "निर्णय व्हायचा आहे. आणि तुम्ही व्हिकरना रोख रक्कम देत आहात."

व्हिकरबाईंनी पाकीट हळूच परत केलं. मला घेता येणार नाही, म्हणाल्या. आत्याने हात मागे बांधले. दिलेला विडा परत घेत नाहीत, म्हणाली. पाकीट बाकावर ठेवलं गेलं, आत्याने उचलून पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवलं. असं दोनदा झालं. शेवटी वॉर्डननी ते दोन बोटांत धरलं आणि फाइलमध्ये घातलं. हे कमिटीपुढे ठेवीन, म्हणाले. आग, अंगण, हवन याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. चहा कुणी घेतला नाही. बाईंनी नारळ तेवढा नेला. लाल वाटेने सायकल जाताना टोपलीतून शेंडी वर दिसत होती.

सोमवारी ईमेल आलं. अर्ज सादर झाल्यानंतर व्हिकरना रोख भेट देण्यात आल्याचं कमिटीच्या निदर्शनास आलं आहे. बुकिंग स्थगित. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता येऊन आपलं म्हणणं मांडता येईल.

मी ते अकरा वेळा वाचलं. मग आम्ही दोघांनी दोन दिवस फोन लावले. हॉल नव्हता. कुठेच नव्हता. होता तो पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि आग म्हटल्यावर पलीकडचा माणूस "सॉरी, काय पेटवणार?" असं विचारायचा. लेस्टरहून येणारे गुरुजी म्हणाले, हवनाशिवाय शांत होत नाही. पुण्याहून थोरलीचा फोन आला. तिने बॅग भरली होती, मेतकूट दोन पिशव्यांत घालू की तीन, असं विचारत होती. मी म्हणालो, तीन.

मंगळवारी आत्याचा फोन आला नाही. रोज सकाळी तिचा फोन येतो, हवामान सांगायला, जे मला खिडकीतून दिसत असतं. मी ऑफिसातून तिच्याकडे गेलो. तिने पैठणीची घडी घातली होती आणि ती एका जुन्या उशीच्या अभ्र्यात भरत होती.

"थोरलीला सांग, येऊ नको," ती म्हणाली. "मला नाही सांगवणार."

"अगं, अजून काही ठरलं नाहीये."

"माझ्या हट्टाने गेलं. तू सांगत होतास."

आत्याने माझं म्हणणं मान्य करावं, अशा प्रसंगाची मी पन्नास वर्षं वाट बघत होतो, आणि आला तेव्हा मला तो नको होता. मी म्हणालो, "गुरुवारी मी बोलतो. तू फक्त सॉरी म्हण. म्हण की माहीत नव्हतं, पुन्हा नाही होणार. संपलं."

तिने अभ्र्याच्या तोंडाला गाठ मारली. "सॉरी नाही म्हणणार," मग म्हणाली. "मी काही वाईट केलं नाही. मी तिला नाही म्हणायला मोकळं केलं होतं."

मला यातलं एक अक्षर कळलं नाही. मी ते दमलेल्या म्हातारीचं बोलणं समजलो. चूक तिसरी, आणि तीच सर्वांत मोठी.

गुरुवारी सातला आम्ही त्याच हॉलमध्ये होतो, ज्यात शंभर माणसं मावतात. त्या संध्याकाळी त्यात आठ होती आणि हीटर बंद होता. घडीच्या टेबलामागे कमिटीचे पाच जण आणि व्हिकरबाई. टेबलाच्या मधोमध बिस्किटांची थाळी आणि तिच्या शेजारी आमचं लाल-सोनेरी पाकीट. ट्यूबलाइटखाली ते इतकं दोषी दिसत होतं, की मला स्वतःलाच आमची शंका यायला लागली. आत्या माझ्या शेजारी खुर्चीच्या कडेवर बसली होती, कार्डिगनची सगळी बटणं लावून. आणि तिच्या पायांशी तपकिरी पर्स.

"ते घरी ठेवलंस ना?" मी दातांच्या फटीतून विचारलं.

"काय?"

"दुसरं."

"समोर बघ," आत्या म्हणाली.

व्हिकरबाईंनी आधीच सांगितलं, की भेट त्यांना दिली होती, म्हणून त्या या विषयात मत देणार नाहीत आणि सभाही चालवणार नाहीत. वॉर्डन चालवतील. आमच्या बाजूचा एकमेव माणूस गेला होता. वॉर्डननी चष्मा लावला आणि प्रश्न नीट, एकेक शब्द वेगळा करून विचारला. ही रक्कम दिली त्या बदल्यात तुमची काय अपेक्षा होती?

मी उभा राहिलो. माझं भाषण तयार होतं, संस्कृती, परंपरा, गैरसमज, सगळं होतं त्यात. पण आत्याने माझा कोट धरून मला खाली बसवलं.

"मी पंधरा वर्षांची होते," ती म्हणाली. तिच्या त्या विमानतळी इंग्रजीत, पण डार्लिंग न म्हणता. "माझ्या वडिलांनी माझं लग्न ठरवलं होतं. माणूस चाळिशीचा, बायको वारलेली, आंब्याच्या दोन बागा. गावात उपाध्याय नवीन आला होता. आमच्या घरी पहिल्यांदा आला, तेव्हा वडिलांनी दारात त्याचे पाय धुतले आणि हे दिलं." तिने पाकिटाकडे बोट केलं. "याला आम्ही पावलाचा विडा म्हणतो. मग त्याला आत बसवून मला हाक मारली. म्हणाले, ही मुलगी, मुहूर्त काढा."

मी आत्याकडे बघत राहिलो. ही गोष्ट मी ऐकलेली नव्हती. तिचे वडील म्हणजे माझे आजोबा. त्यांचा हार घातलेला फोटो आमच्या घरी आहे.

"त्याने मला विचारलं, कितवीत आहेस? मी सांगितलं. त्याने पंचांग मिटलं. म्हणाला, हे लग्न मी लावणार नाही. वडील चिडले. म्हणाले, विडा घेतलात की! तो म्हणाला, घेतला. तो आल्याचा होता. म्हणून तर नाही म्हणता येतं."

टेबलाच्या टोकाच्या बाईंनी हातात घेतलेलं बिस्कीट तसंच धरून ठेवलं होतं.

"दुसरा उपाध्याय तालुक्याहून आणता आला असता," आत्या म्हणाली. "वडिलांनी नाही आणला. मी शाळेत गेले. मग नर्सिंग अर्धवट सोडलं, मग इथे आले. तीस वर्षं जेवणाचे ट्रे भरले." ती थांबली. "माणूस दारात आला की आधी त्याचा मान करायचा. काही मागायच्या आधी. म्हणजे तो तुमचा मिंधा राहत नाही. मग तुम्ही मागा, आणि त्याला हवं तर तो नाही म्हणेल."

"म्हणजे," वॉर्डन सावकाश म्हणाले, "आज आम्ही नाही म्हटलं, तर?"

"तर नाही."

"आणि हे तुम्ही परत घेणार नाही?"

"नाही."

तिचा आवाज स्थिर होता. पण माझा कोट तिने अजून सोडला नव्हता. मीही तो सोडवून घेतला नाही.

वॉर्डननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मत मागितलं. टोकाच्या बाईंचा हात आधी वर गेला, बिस्किटासकट. मग शेजारच्याचा. मग मधे एक भयंकर मोकळी जागा. त्या जागेत माझ्या डोळ्यांपुढून थोरलीची बॅग गेली, मेतकुटाच्या तीन पिशव्या गेल्या, उशीचा अभ्रा गेला. मग तिसरा हात. चौथा. आणि शेवटी वॉर्डनचा, कोपरात किंचित वाकलेला, पण वर.

"बुकिंग पक्कं," ते म्हणाले. "आग अंगणात. वाळूच्या दोन बादल्या. वारा असेल तर मी स्वतः येऊन उभा राहीन."

व्हिकरबाईंनी तोंडावर हात ठेवला होता. मी उठायला लागलो. अशा वेळी निघून जावं, एवढी अक्कल मला नाटकांनी शिकवलेली आहे. पण वॉर्डननी फाइलमधून पावतीपुस्तक काढलं. आत्या पाकीट परत घेणार नाही आणि व्हिकरना ते ठेवता येणार नाही, म्हणून ते छताच्या दुरुस्तीच्या निधीत जाईल. "पूर्ण नाव?" त्यांनी आत्याला विचारलं.

आत्याने सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. ते लिहीत गेले, आणि मग सभेच्या नोंदीसाठी उभे राहून त्यांनी ते मोठ्याने वाचलं. तिचं अख्खं नाव, अडखळत, पण खणखणीत. तिच्याकडून पन्नास पौंड आणि एक भारतीय रुपया आभारपूर्वक मिळाले. आत्या मान खाली घालून, हात जुळवून ऐकत होती.

वॉर्डननी पावती फाडली आणि तिच्यापुढे धरली. टेबलामागे सगळे हसत होते. आणि त्याच वेळी मला पायांशी तो विशिष्ट करकर आवाज आला. मी खोकलो. मी तिच्या पायावर पाय दिला. पण आत्या उभी राहिली, वर रुपया चिकटवलेलं लाल-सोनेरी काहीतरी उंच धरून, आणि भर कमिटीसमोर म्हणाली:

"थँक यू, डार्लिंग! ते पाकीट नुसतं आल्याचं होतं. हो म्हटल्याचं वेगळं आणलंय!"